संघाट, सांगड, सांगाडा

वैशाखात मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर घर शाकारायचं काम चाललं होतं. जुनी कौलं उतरवून ओळीनं मांडलेली, कुजके वासे बाजूला टाकलेले. जमिनीत रोवलेल्या मेढी, त्यांवरचं आढं आणि आढ्यावरून दोन्ही अंगांना उतरणारे वासे एवढंच उभं होतं. भिंतींच्या जागी कारवीच्या काठ्यांचा कूड विणून झाला होता, शेणमाती अजून चढायची होती, त्यामुळे घरातून आरपार डोंगर दिसत होता. काम बघत बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, "किती दिवस लागतील हो बाबा?" ते म्हणाले, "सांगाडा उभा हाय. आता काय येळ नाय लागायचा."

सांगाडा म्हटलं की आपल्याला शाळेतल्या प्रयोगशाळेत टांगलेली हाडं आठवतात. मग वाटतं, शब्द मुळात हाडांचा असणार आणि घराला, मंडपाला तो उपमेनं लागला असणार. खरं तर उलट आहे. बाबांनी वापरला तो अर्थ जुना. हाडांकडे हा शब्द सुतारकामातून गेला.

संस्कृतात 'संघाट' म्हणजे लाकडं एकमेकांत जुळवून केलेली बांधणी. सम् म्हणजे एकत्र, आणि घट् म्हणजे जुळणं, घडणं. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात राम-लक्ष्मण लाकडं बांधून तराफा करतात आणि सीतेला घेऊन यमुना ओलांडतात. तिथे त्या बांधणीला हाच शब्द आहे. मराठीत या घराण्याच्या दोन शाखा नांदत्या राहिल्या. सांगड म्हणजे दोन होड्या किंवा ओंडके दोरानं एकत्र बांधून केलेलं तरतं साधन, आणि सांगाडा म्हणजे इमारतीची उभी चौकट. तिसरं भावंड 'सांगाडी' आता फारसं ऐकू येत नाही. लाकूड कातण्याच्या यंत्राला तसं म्हणत. राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात ही तिघं एकाच नोंदीखाली शेजारी शेजारी बसली आहेत. आपण शिक्षणाची आणि रोजगाराची सांगड घालतो तेव्हा हातात नकळत नावाड्याचा दोर असतो.

आता कोणी म्हणेल, हे नातं खरं कशावरून? सांगाडा 'सांगोपांग'मधल्या 'सांग'वरून का नसेल? स + अंग, म्हणजे अंगांसहित. शरीराच्या सांगाड्याला किती शोभून दिसतं! पण शोभून दिसणं हा व्युत्पत्तीतला पुरावा नव्हे, आणि लोकप्रिय व्युत्पत्त्या इथेच फसतात. पुरावा लागतो तो नियमिततेचा. हिंदी आणि मराठी शब्द शेजारी ठेवून पाहा: हाथ आणि हात, भूख आणि भूक, सीखना आणि शिकणे, साँझ आणि सांज. हिंदीनं राखलेला 'ह'चा श्वास मराठीत गळलेला आहे. एका शब्दात गळला असता तर योगायोग म्हटलं असतं. इतक्या शब्दांत गळतो तेव्हा ती मराठीची चाल ठरते. 'वांझ'सारखे काही शब्द तो श्वास धरून बसले, तेही नोंदवायला हवं. संघाटातल्या 'घ'चा 'ग' झाला तो याच चालीनं. आणि 'ट'चा 'ड' तर सगळीकडे आहे: घोटक-घोडा, वट-वड, घट-घडा. म्हणजे सांगाड्याच्या एकेका अक्षराचा हिशेब लागतो. 'सांग'वरून यायचं तर शेवटचा 'डा' कुठून आला ते सांगावं लागेल.

ज्या गडाखाली हे सगळं सुचलं त्याच्या नावातही हीच तपासणी करता येते. शेजारी गोरखगड आणि मच्छिंद्रगड असल्यावर 'सिद्ध' म्हणताच नाथसिद्ध डोळ्यांपुढे येतात. पण सिद्ध म्हणजे मुळात तयार झालेला, पुरा झालेला. त्याच 'सिद्ध'पासून आपला शिधा आला. त्याच धातूच्या 'सिध्यति'चं प्राकृतात 'सिज्झइ' झालं, हिंदीत 'सीझना' आणि मराठीत 'शिजणे'. नुसतं मराठी 'शिजणे' पाहून त्यात एके काळी 'ध' होता हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. हिंदीतला 'झ' पाहिला की गळलेला श्वास परत ऐकू येतो. एका भाषेनं पुसलेलं दुसरीच्या साक्षीनं वाचायचं, एवढंच तुलनेचं शास्त्र आहे. योग्याचं सिद्ध होणं आणि भाताचं शिजणं ही सख्खी भावंडं आहेत, आणि मला त्यात योग्याचा कमीपणा वाटत नाही.

सांगड या शब्दानं प्रवासही मोठा केला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्यानं अरबी समुद्राच्या आणि हिंदुस्थानच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्यात आपलं कल्याण 'कॅलिएना' या नावानं आहे. त्या कल्याणहून निघालेला माल आजच्या मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. याच ग्रंथात दक्षिणेतल्या बंदरांच्या वर्णनात, ओंडके बांधून केलेल्या फार मोठ्या नावांचं नाव दिलं आहे: 'संगर'. मराठीच्या जडणघडणीवर ग्रंथ लिहिणारे फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठी 'सांगड' त्या 'संगर'शेजारी ठेवून पाहिली. तमिळ-मल्याळममध्ये तराफ्याला शंगडम, चंगाडम म्हणतात. सिंहलीतही जोडहोडीसाठी याच कुळातला शब्द आहे. पोर्तुगीज मलबारला आले, त्यांनी चंगाडम ऐकला, त्याचा 'जांगादा' केला आणि ब्राझीलला नेला. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आजही आपल्या तराफ्याला जांगादा म्हणतात.

इथे एक भेद पक्का लक्षात ठेवायला हवा. मराठीला 'सांगाडा' वारशानं मिळाला. ब्राझीलला 'जांगादा' उसनवारीनं मिळाला. दोन्ही शब्द एकाच कुळातले, पण वाटा वेगळ्या. हा भेद न केल्यास उद्या कोणी ब्राझीलची भाषा मराठीची बहीण ठरवील.

हे सगळं डोक्यात घोळत असताना माझं लक्ष दुसऱ्याच एका सांगाड्याकडे गेलं. आपल्या प्रत्येक पेशीत एक सांगाडा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी थेंबासारखी दिसली तरी ती नुसता थेंब नसते. तिच्यात प्रथिनांचे तंतू आणि नळ्या आहेत. त्या मेढी-वाशांसारखा आकार धरतात, पेशी सरकवतात, आतला माल इकडून तिकडे नेण्यासाठी वाटा देतात, आणि पेशीची दोन शकलं व्हायची वेळ आली की गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतात. तंतूंचं मुख्य प्रथिन ॲक्टिन, नळ्यांचं ट्युब्युलिन. भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता या डोंगरांत इंग्रजांशी लढत होता त्याच १९४२ साली हंगेरीतल्या सेगेद शहरात ब्रूनो श्ट्राउब यांनी ॲक्टिन वेगळं काढलं. स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाला ते कामाला लावतं, म्हणून हे नाव. (२ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले, मुरबाडच्या माणसाला ते वर्ष सांगावं लागत नाही.) ट्युब्युलिन हे नाव जपानी शास्त्रज्ञ हिदेओ मोहरी यांनी १९६८ मध्ये दिलं.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अक्षरांनी लिहिलेला एक लांबलचक शब्दच. ही अक्षरं म्हणजे अमिनो आम्लं. स्नायूतलं ॲक्टिन ३७५ अक्षरांचं आहे. वेगवेगळ्या जीवांची ॲक्टिनं शेजारी मांडली की शब्दशास्त्र्याला घरी आल्यासारखं वाटतं. माणसाच्या हाडांना जोडलेल्या स्नायूतलं ॲक्टिन आणि कोंबडीच्या तशाच स्नायूतलं ॲक्टिन यांत एका अक्षराचाही फरक नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टचं ॲक्टिन घेतलं तरी शंभरातली सुमारे सत्त्याऐंशी अक्षरं जुळतात. आपले आणि यीस्टचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरीही. ॲक्टिन इतकं का टिकलं? कारण ते एकटं राहत नाही. ते स्वतःच्या रेणूंना जुळून तंतू बनवतं आणि शिवाय कितीतरी इतर प्रथिनांना हात देतं. एक अक्षर बदललं तर कुठला ना कुठला हात सुटतो. भाषेतही दिवसातून शंभरदा तोंडात येणारे शब्द, दोन-तीन-चारसारखे, सहसा बदलून दुसरे घेतले जात नाहीत. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ च्या ग्रंथात भाषा आणि जीवजाती यांच्या उत्पत्तीतलं साम्य मुद्दाम दाखवलं होतं. तेव्हा प्रथिनांची अक्षरं वाचायची सोय नव्हती. ती झाल्यावर ते साम्य उपमेपुरतं राहिलं नाही. दोन्हीकडे कामाची रीतच एक निघाली.

जीवाणूंकडे आलं की खरी परीक्षा सुरू होते. कित्येक दशकं असं शिकवलं जात होतं की जीवाणूंना आतला सांगाडा नसतो, तो प्रगत पेशींचाच. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत हे मत कोसळलं. एफटीएसझेड नावाचं एक प्रथिन जीवाणू दुभंगताना मधोमध कडं करतं, असं १९९१ मध्ये दिसलं. (हे आडनिडं नाव पडलं ते त्यातल्या बिघाडामुळे: बिघडलेले जीवाणू तापमान वाढलं की दुभंगत नाहीत, दोऱ्यासारखे लांबत जातात.) १९९८ मध्ये त्याची घडण उलगडली आणि ती ट्युब्युलिनची निघाली. २००१ मध्ये जीवाणूंच्या एमआरईबी या प्रथिनाची घडण ॲक्टिनची निघाली. अक्षरं मात्र शंभरात पंधराच्या आसपासच जुळतात. अक्षरांची कौलं जवळजवळ सगळी बदलली होती. मेढी, आढं आणि वासे त्याच जागी होते. नुसती अक्षरं मोजत बसणाऱ्याला हे नातं कधी कळलं नसतं, जसं सिद्ध आणि शिजणे यांचं नातं वरवर पाहणाऱ्याला कळत नाही.

मला सगळ्यात जास्त थरारून सोडलं ते कामांच्या अदलाबदलीनं. आपल्या पेशीत गुणसूत्रं ओढायचं काम ट्युब्युलिनच्या नळ्या करतात आणि दुभंगायच्या वेळी कंबर आवळायचं काम ॲक्टिनचं कडं करतं. जीवाणूत कंबर आवळतो तो ट्युब्युलिनचा भाऊबंद एफटीएसझेड, आणि काही जीवाणूंत जनुकांच्या छोट्या वाटोळ्या साखळ्या दोन टोकांना ढकलतो तो ॲक्टिनचा भाऊबंद, पारएम. कुळं तीच, कामं उलटसुलट.

मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटायचं कारण नाही. 'पेशी' हाच शब्द घ्या. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, आणि त्या म्हणजे मांसाचे गोळे, आज आपण ज्यांना स्नायू म्हणतो ते. त्याच ग्रंथात ९०० स्नायू आहेत, पण ते म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. हिंदीनं आणि बंगालीनं पेशीचा मांसल अर्थ राखला. तिकडे सजीवाच्या सूक्ष्म घटकाला कोशिका किंवा कोष म्हणतात. मराठीनं पेशीला त्या सूक्ष्म घटकाचं काम दिलं आणि मांसाचं काम स्नायूकडे सोपवलं. बंगालीत स्नायू म्हणजे चेता, मज्जातंतू. संस्कृत, मराठी आणि बंगाली अशा तीन भाषांत एकच स्नायू तीन कामं करतो. म्हणून नातं ठरवताना आज काय काम करतो हे विचारू नये, बांधणी विचारावी. आणि बांधणी एकसारखी दिसली तरी वाट तपासावी: विदर्भात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात, ती फारसी 'पेश'वरून आलेली, तिचा सुश्रुताशी संबंध नाही.

उसनवारीही पेशींच्या जगात सापडते. २००२ मध्ये प्रोस्थेकोबॅक्टर या जीवाणूत अशी दोन प्रथिनं मिळाली की ती जीवाणूंच्या एफटीएसझेडपेक्षा आपल्या ट्युब्युलिनच्या कितीतरी जवळची आहेत. ती वारशानं आली नसावीत, दुसऱ्या जीवाकडून जनुकं उचलून आली असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. हा त्या जीवाणूचा जांगादा.

आणि जीवाणू आणि आपण यांच्यातला मधला दुवा? व्युत्पत्तीत प्राकृत रूप सापडलं की संस्कृत आणि मराठीत पूल पडतो. इथे तो पूल समुद्रतळाच्या चिखलात मिळाला. २०१५ मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रातून आणलेल्या गाळात आर्किया या, जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातले असे जीव असल्याचं जनुकांवरून कळलं, ज्यांचं ॲक्टिन आपल्या ॲक्टिनच्या फार जवळचं आहे. जवळच्या उष्ण झऱ्याला लोकी या उत्तर युरोपच्या पुराणकथांतल्या पात्राचं नाव होतं, तेच या जीवांना मिळालं. पुढे त्यांचा एक नातलग स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरच्या गाळातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवला गेला, आणि २०२२ च्या अखेरीस त्याची छायाचित्रं प्रसिद्ध झाली. लांब शाखा फुटलेली पेशी, आणि त्या शाखांतून धावणारे ॲक्टिनचे तंतू. त्याच्या नावात 'ओसिफेरम' आहे, लॅटिनमध्ये हाडं धारण करणारा.

सिद्धगडाचा कडा चढून पलीकडे गेलं की भीमाशंकरचं रान, आणि तिथून खाली पुणं. पुण्याच्या आयसर संस्थेत पी. गायत्री यांच्या प्रयोगशाळेत जीवाणूंच्या ॲक्टिनवर काम चालतं. स्पायरोप्लाझ्मा या जीवाणूला बाहेरची भिंत नसते, तरी तो मळसूत्रासारखा पीळदार राहतो. हा पीळ त्याला एमआरईबीच्या पाचव्या भावानं, एमआरईबी-५ नं दिला आहे, असं त्यांनी आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं: ज्या वाणात ते प्रथिन नव्हतं तो सरळ काडीसारखा होता, आणि ते परत घातल्यावर त्याला पीळ आला. कुडावर शेणमाती चढलेली नसली तरी मेढी घर धरून ठेवतात, हे त्या पाड्यावर पाहिलेलंच होतं.

ट्युब्युलिनचा धागा तर या रानातच उगवतो. पावसाळ्यात सह्याद्रीत झुडपांवर चढलेली कळलावी फुलते, तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी. तिच्या कंदानं बाळंतपणाच्या कळा सुरू करायची जुनी समजूत, म्हणून ती कळ लावणारी. घरात तिचं फूल ठेवलं की भांडणं लागतात, हा अर्थ लोकांनी 'कळ'च्या दुसऱ्या पदरातून काढला. तिच्या अंगात कोल्चिसिन नावाचं जहाल विष आहे. कंद खाऊन माणसं दगावतात, त्याला हात लावायचा तो जपून. हेच कोल्चिसिन पेशीतल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं ते वेगळं करता करता १९६७ मध्ये ट्युब्युलिन हाती लागलं. विष चिकटलं की नळ्या बांधल्या जात नाहीत आणि पेशीचं दुभंगणं अडतं. मात्र प्राण्यांच्या ट्युब्युलिनला ते जितकं घट्ट धरतं तितकं वनस्पतींच्या ट्युब्युलिनला धरत नाही. शब्द एकच, पण दोन घराण्यांतल्या उच्चारातला थोडासा फरक, आणि त्यावर जीवन-मरण ठरतं.

आता परिभाषेबद्दल माझं मत. इंग्रजीत पेशीतल्या या रचनेला 'सायटोस्केलेटन' म्हणतात, त्यातला हाडांचा भाग ग्रीक 'स्केलेटोस'वरून आला, म्हणजे वाळलेलं, सुकलेलं शरीर. आपल्या पुस्तकी मराठीनं त्यासाठी 'कंकाल' उचलला, तोही स्मशानातला शब्द. पण पेशीच्या आतलं बांधकाम सुकलेलं नाही. ॲक्टिनचा तंतू एका टोकाला वाढत असतो आणि दुसऱ्या टोकाला सुटत असतो. नळ्या काही मिनिटांत उभ्या राहतात आणि मोडतात, मग त्याच तुकड्यांची नवी नळी दुसरीकडे उभी राहते. नदी ओलांडायची म्हणून ओंडके बांधावेत, पलीकडे गेल्यावर दोर सोडावेत, पुन्हा गरज पडली की पुन्हा बांधावेत, तशी ही रीत. संघाटाचा मूळ अर्थ नेमका हाच आहे. म्हणून पाठ्यपुस्तकांत 'पेशीचा सांगाडा'च लिहावं, कंकाल नको. पारिभाषिक शब्द अचूक हवा असेल तर तो मुरबाडच्या बाबांच्या तोंडी तयार आहे.

वाचकांना एक विनंती. कारवीच्या कुडाची घरं झपाट्यानं विटा-सिमेंटची होत आहेत, आणि मेढ, आढं, वासा, कूड हे शब्द घरांबरोबर उतरवले जात आहेत. तुमच्या गावात सांगाडा, सांगड, सांगाडी यांतला कोणता शब्द कशासाठी वापरतात, कोण वापरतं आणि नेमका उच्चार काय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गावाच्या नावासकट लिहून ठेवा.